२६०० आरपीएमच्या वर गेलं की इंजिन तापतंय. इम्पेलर, थर्मोस्टॅट बदलून झाले

उधाण

मंडळी, जरा मदत हवी आहे. बोटीत चार सिलिंडरचं, ५० अश्वशक्तीचं डिझेल इनबोर्ड आहे, कमाल ३००० आरपीएमचं. आतून कूलंट फिरतं, बाहेरून खारं पाणी येतं, दोघांची गाठ हीट एक्स्चेंजरमध्ये पडते (नळ्यांच्या आतून खारं पाणी, बाहेरून कूलंट) आणि खारं पाणी शेवटी एक्झॉस्टच्या एल्बोत, म्हणजे धुराच्या नळीच्या वाकड्या तुकड्यात, सोडलेलं आहे.

लक्षण असं: धक्क्याला बांधून नुसतं सुरू ठेवलं तर तासभरही तापमानाचा काटा ८२ अंशांवरून हलत नाही. २२०० वर चालवलं तरी ८३-८४. २६०० ला नेलं की आधी काहीच होत नाही, मग काटा सावकाश चढायला लागतो. ८८, ९१, ९४, आणि पंधरा-वीस मिनिटांत ९७ ला अलार्म वाजतो. थ्रॉटल मागे घेऊन १५०० वर आणलं की थोड्या वेळात मुकाट्याने परत ८३. कूलंट उकळून बाहेर आलंय, वाफ निघतेय असं कधीच झालेलं नाही.

आतापर्यंत केलेलं: खाऱ्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतलं रबरी पात्यांचं चाक, नवा (जुन्याची पाती वाकलेली होती, पण तुटलेलं एकही नव्हतं), थर्मोस्टॅट नवा, बेल्ट नवा, कूलंट पूर्ण बदललं, गाळणी साफ. मेकॅनिकने एक्स्चेंजर उघडून प्रत्येक नळीतून लाकडी सळी फिरवली. बॅटरी धरून बघितलं, सगळ्या नळ्यांतून आरपार उजेड दिसतो. एक्झॉस्टमधून पाणी खळाखळा पडतंय.

आता त्याचं म्हणणं आहे की हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवू या, त्याखालचं गॅस्केट गेलं असणार. एवढा पसारा मांडण्याआधी अजून काय बघावं?

दोरखंड

सोपा उपाय सांगू? थर्मोस्टॅट काढूनच टाका. आमच्या बोटीवर कित्येक वर्षं नाहीये, इंजिन मस्त थंड. वाटेतला अडथळाच गेला की पाणी मोकळं फिरतं.

नाहीतर बोटीचं बूड बघा. शेवाळ आणि शिंपले चढले असतील तर इंजिनावर बोजा येतो आणि नेमकं जास्त आरपीएमलाच तापतं. पंख्याच्या (प्रॉपेलरच्या) पात्यांवरही बघा, तिथे थोडे जरी शिंपले असले तरी फरक पडतो.

जुना डिझेलवाला

दोरखंड, बुडाचं बरोबर बोललात. थर्मोस्टॅटचं मात्र कृपा करून कुणाला सांगू नका.

बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला खालच्या बाजूला एक छोटी चकती असते. इंजिन थंड असताना कूलंट एक्स्चेंजरकडे न जाता जवळच्या वाटेने, म्हणजे बायपासने, इंजिनातच फिरतं. थर्मोस्टॅट उघडतो तसतशी ती चकती खाली जाऊन बायपासचं तोंड बंद करते आणि सगळं कूलंट एक्स्चेंजरकडे वळतं. थर्मोस्टॅट काढलात की बायपास कायमचा उघडा. पाणी सोप्या वाटेने जातं, अर्धं कूलंट थंड न होताच परत इंजिनात येतं. म्हणजे तापणाऱ्या इंजिनाचा थर्मोस्टॅट काढला आणि ते आणखी तापलं, हे अगदी होऊ शकतं. ज्या इंजिनाला बायपास नाही ते कायम थंडगार चालतं, आणि डिझेलला तेही सोसत नाही: जळण अर्धवट, कार्बन जास्त, सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत चकाकायला लागतात आणि तेल खायला सुरुवात होते.

उधाण, म्हणून तुम्हाला पहिला प्रश्न. नव्या थर्मोस्टॅटला जुन्यासारखी खालची चकती आहे का? उंची तीच आहे का? वरून मापात बसणारा पण चकती नसलेला थर्मोस्टॅट बसवलेला मी पाहिलाय. तुमचं दुखणं थर्मोस्टॅट बदलायच्या आधीपासूनचं दिसतंय, म्हणून तो मूळ दोषी नसावा, पण जुना फेकला नसेल तर शेजारी ठेवून बघा.

दुसरं, हेड उतरवायचं आत्ता मनातही आणू नका. हेड गॅस्केट गेलं की ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतो. थंड इंजिन सुरू केल्यावर, तापायच्या आतच, वरचा होज दाबून बघा. दगडासारखा घट्ट झाला किंवा एक्स्पान्शन बाटलीत सतत बुडबुडे यायला लागले तर आपण हेडबद्दल बोलू. तुमचं कूलंट कमी होत नाही, बाहेर ढकललं जात नाही आणि थ्रॉटल मागे घेतलं की इंजिन शहाण्यासारखं ८३ वर येतं. फुटलेलं गॅस्केट असं वागत नाही.

तिसरं, आणि हेच मुख्य. तुम्ही भाग बदलताय, मोजत काहीच नाही. ९७ हा काटा फक्त एवढंच सांगतो की उष्णता कुठेतरी अडकली. कुठे अडकली ते तीन-चार आकड्यांत कळतं. उष्णतेची वाट सरळ आहे: सिलिंडरमधून कूलंटमध्ये, कूलंटमधून नळ्यांच्या भिंतीतून खाऱ्या पाण्यात, खाऱ्या पाण्यातून बोटीबाहेर. तीनच टप्पे. प्रत्येक टप्पा बिघडला की आकडे वेगळे येतात.

हे मोजा:

एक्झॉस्टमधून पडणारं पाणी. दहा लिटरची बादली घ्या, धक्क्याला बांधलेल्या अवस्थेत, गिअर न टाकता २६०० वर न्या आणि बादली भरायला किती सेकंद लागतात ते बघा. पंप इंजिनावरच फिरतो, त्यामुळे प्रवाह आरपीएमवर ठरतो, बोजावर नाही. “खळाखळा पडतंय” हा आकडा नव्हे. अर्ध्यावर आलेला प्रवाहही डोळ्याला खळाखळाच दिसतो.

खाऱ्या पाण्याचं तापमान दोन ठिकाणी: पंपाच्या आधी, आणि एक्स्चेंजरमधून निघून एल्बोत जायच्या आधी. हे मात्र चालत्या बोटीवर, २६०० वर, काटा ९४-९५ ला पोचलेला असताना.

कूलंटचं तापमान दोन ठिकाणी: एक्स्चेंजरमध्ये शिरताना आणि बाहेर पडताना. तेव्हाच.

लांबून मोजायचं इन्फ्रारेड थर्मामीटर चालेल, पण चकचकीत पितळेवर किंवा ॲल्युमिनियमवर रोखलंत तर ते धडधडीत खोटं बोलतं, खऱ्यापेक्षा खूप कमी दाखवतं. होजच्या लगत जो धातूचा तुकडा उघडा असतो तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि टेपवर मोजा. रबराच्या होजवर मोजू नका, रबर आतली उष्णता बाहेर यायला वेळ लावतं.

आणि एकदा सगळं थ्रॉटल उघडा, पूर्ण बोजात, मिनिटभरच. किती आरपीएम येतं ते सांगा. ३००० च्या जवळ पोचत असेल तर बूड, पंखा, बोजा या सगळ्याचा प्रश्न मिटला. २७०० ला अडत असेल आणि काळा धूर येत असेल तर दोरखंड म्हणतात तेच खरं.

मोजताना इंजिनाच्या खोलीत हात घालाल तेव्हा बेल्टपासून बाह्या लांब ठेवा. गरम इंजिनाचं प्रेशर कॅप उघडू नका. ०.९ बारच्या कॅपखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. कॅप सैल केलात की त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं.

सागवान

एल्बो तपासलाय का? पाणी आणि धूर जिथे एकत्र होतात तिथे आतून कार्बन आणि गंज साचून वाट चिंचोळी होते. माझ्याकडे करंगळी जेमतेम जाईल एवढं भोक उरलं होतं. बाहेरून रंग वगैरे एकदम झकास. तोच तुंबलेला असेल तर आत कितीही साफ करा, उपयोग नाही.

जुना डिझेलवाला

एल्बो काढून बघणं कधीही वाया जात नाही, कार्बनने तुंबलेले मीही काढलेत. पण तुंबलेला एल्बो दोन प्रकारे छळतो. पाण्याची वाट अडली तर बादलीचा आकडा घसरेल. धुराची वाट अडली तर मागून दाब येऊन इंजिनाचा जोर कमी होईल, धूर काळा होईल आणि पूर्ण आरपीएम मिळणार नाही. दोन्ही गोष्टी मी विचारलेल्या आकड्यांत दिसतील. आधी आकडे येऊ द्या.

उधाण

आज मोजलं. सगळं क्रमाने:

बादली: २६०० वर दहा लिटरला २० सेकंद. दोनदा करून बघितलं, १९ ते २० च्या मध्येच.

खारं पाणी: आत येताना २८, एक्स्चेंजरनंतर ४०.

कूलंट: एक्स्चेंजरमध्ये शिरताना ९५, निघताना ८८.

पूर्ण थ्रॉटल: २९८०. धूर जवळजवळ नाहीच.

टेपचा सल्ला कामी आला. टेप नसताना त्याच जागी ६१ दाखवत होतं, टेप लावल्यावर ९५!

थर्मोस्टॅट: जुना सापडला. दोघांनाही खाली चकती आहे, उंची सारखी. होज इंजिन थंड असताना दाबून बघितला, मऊच आहे. बुडबुडे नाहीत.

जुना डिझेलवाला

छान मोजलंत. आता हिशेब.

५० अश्वशक्तीचं इंजिन ३००० ला पूर्ण ताकद देतं. पंखा आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात ताकद खातो, म्हणजे २६०० ला साधारण ६५ टक्के. बत्तीस-तेहतीस अश्वशक्ती, म्हणजे २४ किलोवॅट. डिझेलच्या उष्णतेचा ढोबळ हिशेब तिसऱ्या-तिसऱ्या वाट्याचा असतो: एक वाटा शाफ्टला, एक धुरात, एक थंड करणाऱ्या पाण्यात. म्हणजे शाफ्टला २४ तर कूलंटमध्येही त्याच्या आसपास, २४ धरू.

तुमचं खारं पाणी मिनिटाला ३० लिटर, सेकंदाला अर्धा लिटर. अर्धा लिटर खारं पाणी एक अंशाने तापवायला साधारण २ किलोज्यूल लागतात. २४ भागिले २, बारा अंश. तुम्ही मोजलेत २८ चे ४०. बरोब्बर बारा.

याचा अर्थ: खाऱ्या पाण्याचा प्रवाह ठीक आहे, आणि चालत्या बोटीवरही ठीक आहे. हे दुसरं महत्त्वाचं, कारण बादली फक्त धक्क्यावर लावता येते. आत खेचणारा होज वेगात चपटा होत असता, गाळणीच्या झाकणातून हवा ओढली जात असती किंवा सीकॉकचं (बुडातून पाणी आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचं) तोंड अर्धं शिंपल्यांनी भरलेलं असतं, तर पाणी कमी आलं असतं आणि बाराच्या जागी वीस-पंचवीस अंशांची वाढ दिसली असती. तसं नाही. पंप, होज, गाळणी, गिअरबॉक्सचा ऑइल कूलर, एल्बो सगळे सुटले. सागवान, तुमचाही एल्बो निर्दोष.

बोजाही सुटला, २९८० येतंय.

कूलंट ९५ चं ८८ होतंय, सात अंशांचा फरक. हाही निरोगी. कूलंटचा पंप झिजला असता किंवा आत हवा अडकली असती तर कूलंट हळू फिरलं असतं आणि हाच फरक पंधरा-वीसवर गेला असता.

उरलं काय? दोन्ही बाजूंना पाणी हवं तेवढं फिरतंय आणि तरी इंजिन तापतंय. म्हणजे दोन पाण्यांच्या मधल्या भिंतीतून उष्णता पलीकडे जात नाहीये. दोष एक्स्चेंजरमध्ये आहे. नळ्या साफ आहेत म्हणताय, तर मला आता एकच सांगा: खारं पाणी आत येतं ते तोंड आणि बाहेर जातं ते तोंड, दोन्ही एक्स्चेंजरच्या एकाच टोकाला आहेत का?

उधाण

हो, दोन्ही पुढच्या टोकाच्या टोपीवर. आत येणारं खाली, जाणारं वर. मागच्या टोपीला नुसती झिंकची कांडी आहे.

जुना डिझेलवाला

मग बहुतेक सापडलं.

तुमचा एक्स्चेंजर दोन फेऱ्यांचा आहे. पाणी पुढच्या टोपीच्या खालच्या अर्ध्यात शिरतं, खालच्या नळ्यांतून मागे जातं, मागच्या टोपीत वळतं आणि वरच्या नळ्यांतून पुढे येऊन बाहेर पडतं. पुढच्या टोपीत खालचा अर्धा आणि वरचा अर्धा यांच्यामध्ये एक आडवी पट्टी ओतलेली असते. नळ्यांची टोकं ज्या चकतीत बसवलेली असतात, त्या चकतीला ती घट्ट टेकली पाहिजे, मध्ये गॅस्केटची आडवी दांडी येते. ती पट्टी झिजली किंवा गॅस्केटची दांडी नसली, तर पाण्याला मागे जाऊन यायची गरजच उरत नाही. दारातून आलेल्या पाहुण्याने उंबऱ्यावरूनच पाठ फिरवावी तसं ते खालून आत येतं आणि पट्टीवरून उडी मारून वरच्या तोंडातून बाहेर जातं. नळ्यांतून थोडंसंच पाणी जातं. एक्झॉस्टमधून मात्र पूर्ण ३० लिटर पडतं आणि सगळे म्हणतात, पाणी तर भरपूर येतंय.

कमी आरपीएमला उष्णता कमी, तेव्हा नळ्यांतून जाणारं थोडं पाणीही पुरतं. म्हणून २२०० ला तुम्हाला काही कळत नाही.

सीकॉक बंद करा, पुढची टोपी काढा. टोपी पालथी न धरता उताणी धरा आणि कडेवर स्टीलची पट्टी आडवी ठेवा. मधली पट्टी कडेच्या पातळीत हवी. उजेडाकडे धरून बघा, फट दिसली तर फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. जुनं गॅस्केट टाकू नका, त्याचाही फोटो काढा.

सीकॉक बंद केलात की इंजिनाची किल्ली काढून सीकॉकच्या दांड्यालाच अडकवा. टोपी बसवून झाल्यावर सीकॉक उघडायला विसरून इंजिन सुरू करण्याची घाई सगळ्यांनाच असते, आणि कोरडा फिरणारा रबरी इम्पेलर फार वेळ टिकत नाही.

सागवान

हे नवीनच कळलं. एल्बोचे पैसे वाचले म्हणायचे.

उधाण

काढली टोपी. काय सांगू!

मधली पट्टी कडेपासून सगळ्यात खोल जागी ३ मिलिमीटर खाली आहे. सरळ झिजलेली नाही, दातांनी कुरतडल्यासारखी खालीवर. तिथला धातू पिवळा नाही, गुलाबीसर लाल दिसतो. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खरवडलं तर भुगा निघतो. टोपीची बाहेरची कड मात्र ठणठणीत पिवळी.

गॅस्केट बघितलं तर मागच्या दुरुस्तीत कुणीतरी हाताने कापलेलं, नुसती गोल कडी. मधली दांडीच नाही. त्यावर भरपूर सीलंट थापलेलं.

मागची टोपीही उघडली. झिंकच्या कांडीची जागा रिकामी, फक्त पितळी बूच उरलंय. बूच बाहेरून जागेवर होतं म्हणून कुणाला शंका आली नाही.

जुना डिझेलवाला

गुलाबी म्हणजे त्या पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्याने खाल्लं आणि तांब्याचा भुसभुशीत सांगाडा उरला. झिंकची कांडी संपली की खारं पाणी पुढचा सोपा धातू शोधतं. मधली पट्टी दोन्ही बाजूंनी वाहत्या पाण्यात असते आणि सगळ्यात पातळ असते, म्हणून पहिला घास तिचा.

ही टोपी वाचवायच्या भानगडीत पडू नका. भुसभुशीत झालेल्या पितळेवर ब्रेझिंग धरत नाही. धातूची पुटी भरून, घासून पातळीत आणता येते, आणि नवी टोपी येईपर्यंत कमी आरपीएमवर काम निघतं, पण त्या पुटीचा एखादा तुकडा निघाला की तो पुढे एल्बोतल्या पाण्याच्या भोकात जाऊन बसेल. मी तरी लांबच्या पल्ल्याला निघणार नाही.

नवी टोपी आणि मधली दांडी असलेलं गॅस्केट आणा. गॅस्केट बसवताना दांडी पट्टीवरच आली पाहिजे. काही टोप्या फिरवूनही बसतात, आणि पट्टी उभी बसली तर पाण्याची वाटणी डावी-उजवी होते आणि सगळं गणित चुकतं. काढण्यापूर्वी टोपी आणि बॉडीवर खूण केली असेलच. सीलंट लावायचंच तर नखभर. जास्तीचं आत ओघळतं आणि नळ्यांच्या तोंडावर चिकटतं.

नळ्यांच्या चकतीवरही गुलाबी डाग आहेत का बघा. नळ्या बहुधा तांबे-निकेलच्या असतील, त्या टिकतात. पण चकती पितळेची असेल तर तिथून खारं पाणी कूलंटमध्ये शिरायची भीती. टोप्या उघड्या असतानाच कूलंटच्या बाजूला हातपंपाने कॅपच्या दाबाएवढाच दाब द्या, जास्त नाही, आणि अर्धा तास नळ्यांची तोंडं कोरडी राहतात का ते बघा.

आतून चुना-क्षाराचा थर असेल तर सौम्य आम्लाने धुता येतो. पण तुम्हाला आरपार उजेड दिसतोय आणि भिंती स्वच्छ असतील तर गरज नाही. धुवायचंच झालं तर आधी झिंक काढा, कारण आम्लात जस्त गेलं की हायड्रोजन सुटतो, आणि आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात नाही.

झिंकच्या बुचाच्या आट्यांवर मी टेफ्लॉन टेप लावत नाही. झिंकचा टोपीच्या धातूशी नीट संपर्क राहिला तरच ते स्वतः झिजतं आणि बाकीच्यांना वाचवतं. अर्धं उरलं की बदला. पूर्ण झिजेपर्यंत ठेवलं तर त्याचे तुकडे मोडून टोपीत पडतात आणि नळ्यांची तोंडं बुजवतात.

वाऱ्यावर

मी गुपचूप वाचत होतो, एक शंका आहे. जुना डिझेलवाला काका, तुम्ही म्हणता बरंचसं पाणी नळ्यांत न जाता, न तापताच बाहेर जात होतं. मग बाहेर पडणारं खारं पाणी थंड असायला हवं होतं ना? ते तर बारा अंशांनी तापलेलं होतं, आणि तुमच्याच हिशेबाप्रमाणे चांगल्या एक्स्चेंजरमध्येही बाराच अंश यायला हवेत. म्हणजे तो आकडा दुखण्याचा की तब्येतीचा?

जुना डिझेलवाला

चांगला प्रश्न. इथे बरेच मेकॅनिकही फसतात. “एक्स्चेंजर काम करत नाही म्हणजे बाहेरचं पाणी थंड पडेल” असं वाटतं, पण तसं नसतं.

इंजिन २४ किलोवॅट उष्णता टाकतंय. ती कुठेतरी जाणारच. एक्स्चेंजर वाईट असला की सुरुवातीला ती पूर्ण पलीकडे जात नाही, उरलेली इंजिनात साठते आणि कूलंट तापत जातं. कूलंट जितकं जास्त तापलेलं तितकी ती भिंत ओलांडायला जोर जास्त. तापत तापत अशी वेळ येते की वाईट एक्स्चेंजरमधूनही २४ किलोवॅट जायला लागते. तेव्हा खाऱ्या पाण्याची वाढ परत बाराच अंश. उधाणच्या बोटीवर काटा सावकाश चढत होता, म्हणजे साठणारी उष्णता एकूणच्या मानाने थोडी होती, बाकी सगळी बाहेर पडतच होती. म्हणून आकडा बाराच्या अगदी जवळ आला. साध्या थर्मामीटरवर अर्ध्या-एक अंशाचा फरक दिसतही नाही.

म्हणून बारा हा आकडा एक्स्चेंजरची तब्येत सांगत नाही, तो पाण्याचा प्रवाह सांगतो. एक्स्चेंजरची तब्येत बघायची असेल तर दोन पाण्यांमधलं अंतर बघा. २८ अंशांच्या पाण्याने २४ किलोवॅट काढून घ्यायला कूलंट ८४ वर असणं पुरेसं असेल तर एक्स्चेंजर चांगला. तेच काम करायला ९७ लागत असतील आणि तिथेही थांबायचं नाव नसेल तर एक्स्चेंजर गेला.

उधाण, नवी टोपी बसली की तेच आकडे परत घ्या, त्याच आरपीएमला. माझा अंदाज, खारं पाणी २८ चं ४० च राहील आणि कूलंट मात्र ८५ च्या आत.

दोरखंड

म्हणजे आमच्या बोटीत थर्मोस्टॅट परत टाकावा लागणार असं दिसतंय.

जुना डिझेलवाला

टाका, चकतीवाला टाका. टाकल्यावर जास्त तापलं तर मात्र तो काढू नका, इथे बादलीचे आकडे घेऊन या.

उधाण

उशीर झाला कळवायला, टोपी यायला वेळ लागला. बसवली, दांडीचं गॅस्केट, नवं झिंक. दाब देऊन बघितलं, नळ्यांची तोंडं कोरडी. चकतीवर दोन-तीन फिकट गुलाबी ठिपके आहेत, स्क्रूड्रायव्हरला कडक लागतात.

आज तासभर २६०० वर चालवली. खारं पाणी आत २८, बाहेर ४०. कूलंट शिरताना ८४, निघताना ७७. नंतर २८०० वर अर्धा तास, काटा ८५. बादली तशीच, २० सेकंद.

एकच गोष्ट खटकते. नव्या टोपीच्या खालच्या बोल्टाशी पांढरा क्षार जमल्यासारखा दिसतोय. एवढ्यात गळती?

जुना डिझेलवाला

पांढरा आणि खारट असेल तर ते खारं पाणी झिरपून वाळतंय. हिरवट किंवा गुलाबी चिकट असेल तर कूलंट. बोटाने घासून बघा. पांढराच असेल तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळा, एकदम एकच बोल्ट पिळू नका. नवं गॅस्केट पहिल्या गरम-थंड फेऱ्यांनंतर जरा बसतंच. ठिपक्यांचा फोटो काढून ठेवा आणि पुढच्या वेळी झिंक बदलताना शेजारी धरून बघा. वाढले असतील तर नळ्यांचा अख्खा गठ्ठाच बदलायची तयारी ठेवा.

उधाण

पांढराच आहे, खारट. उद्या थंड इंजिनावर आवळतो.